पाय लागला तर

कल्पना मिसच्या वर्गात कुणाला हात लावायचा तर आधी विचारायचं. मारतहळ्ळीतल्या त्या बालवाडीत कानडी, तेलुगू, बंगाली, सगळ्या घरची पोरं. म्हणून मिसनं प्रेमानं बोलायचे धडे काढलेले. धडे चांगलेच होते. पण ते काढताना अनुषाला कुणी विचारलं नव्हतं.

गोलात बसताना अनुषाचा पाय सोनमच्या गुडघ्याला लागला. अनुषानं घरच्या सवयीनं पटकन गुडघ्याला हात लावून डोळ्यांना लावला. सोनम सिक्कीमची, नवीन आलेली. तिला वाटलं, आधी लाथ मारते आणि वर चापटी? तिनं अनुषाला ढकललं.

मिसनं दोघींना चटईवर बसवलं. अनुषाला म्हणाल्या, विचारून हात लाव. अनुषानं विचारलं. सोनम म्हणाली, नाही. नाही म्हणजे नाही, असं सांगून मिसनं सोनमसाठी टाळ्या वाजवून घेतल्या. म्हणजे बघा, ढकलणारीला टाळ्या आणि नमस्कारवाली गुन्हेगार!

"अगं, तो आधीचा नमस्कार विचारून केला नव्हतास, तो धरायचा नाही. आता सॉरी शब्दांत सांग ना," मिस म्हणाल्या.

"शब्दांनी नाही जात ते, मिस. पाय लागलाय."

अनुषानं डबा उघडला नाही. सोनम बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली. वर्गातल्या ईशाननं दया येऊन स्वतःचा पाय पुढे केला, तर अनुषा त्याच्यावरच खेकसली, तुला कुठं लागलाय?

शाळा सुटताना अनुषा दारातच बसली. नमस्कार केल्याशिवाय घरी जाणार नाही. बाहेर व्हॅनवाला बसवंत हॉर्नवर हॉर्न, "स्वल्प लवकर, मिस." मिस धावत आल्या आणि त्यांचा पाय अनुषाला लागला.

मिसचा हात आपोआप खाली गेला, अनुषाच्या खांद्याला लागला आणि वर डोळ्यांना.

"मिस, तुम्ही विचारलं नाही," ईशान म्हणाला.

मिसनं हात झटकन मागे घेतला.

सोनमनं मिसकडे बघितलं, मग अनुषाकडे. "सगळेच करतात?"

"सगळेच."

सोनम बाकावरून उतरली, दाराशी आली आणि गुडघा पुढे केला. "सरी, ठीक आहे. कर."

अनुषानं नमस्कार केला, सावकाश, दोन्ही डोळ्यांना. मग हाताची घडी घालून परत दारात बसली.

"आता ढकललंस त्याचं बोल."

बाहेर बसवंतनं व्हॅनचं इंजिन बंद केलं.