मुख्याध्यापिकेचा सीन

दातांच्या डॉक्टरांना सिनेमातलं फार कळतं असं सगळेच मानतात, असं डॉक्टरांचं स्वतःचं मत होतं. दर रविवारी दुपारी तीनचा खेळ पाहायचा आणि सोमवार ते शनिवार तो पेशंटांना ऐकवायचा, हा त्यांचा चोवीस वर्षांचा शिरस्ता. ऐकणाऱ्याच्या एका गालात कापूस, दुसऱ्या गालात थुंकी ओढायची नळी आणि मध्ये डॉक्टरांची दोन बोटं असत. डॉक्टर मध्येच विचारत, "बरोबर आहे की नाही?" समोरून "आँ" असं उत्तर येई. चोवीस वर्षांत त्यांच्या एकाही मताला कुणी विरोध केला नव्हता. आता एवढ्यावर माणसाची आपली मतं बिनतोड आहेत अशी समजूत झाली, तर त्यात त्याचा काय दोष?

त्यांची बायको दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसे. नंबर देणं, केसपेपर लिहिणं, रडणाऱ्या पोरांना गप्प करणं ही तिची कामं. रविवारी सिनेमाला तीच बरोबर असायची, त्यामुळे डॉक्टर मध्यंतरानंतर गाढ झोपतात हे फक्त तिला ठाऊक होतं. डॉक्टर त्याला डोळे मिटून ऐकणं म्हणत. घरी परतताना ते सिनेमावर बोलायला लागले, की तीही काहीबाही सांगायची. पण प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबायचं असतं ही सवयच डॉक्टरांची गेली होती. त्यांच्या धंद्यात थांबून उपयोग नसे.

तर त्या सोमवारी पंचावन्न-साठीच्या एक बाई आल्या. खालची दाढ ठणकत होती. तीन सिटिंगचं रूट कॅनालचं काम निघालं. डॉक्टरांनी भूल दिली, कापूस कोंबला आणि आदल्या दिवशीचा सिनेमा काढला. एका शाळेतली मुलगी धावण्याच्या शर्यतीत पहिली येते, अशी गोष्ट. डॉक्टरांनी तिची सालटी काढली. कथेत दम नाही म्हणाले, मुलगी धावते की भाजी आणायला निघालीय ते कळत नाही म्हणाले. मग दाढेच्या मुळाशी पोहोचता पोहोचता ते शाळेवर आले.

"आणि ते शाळेतले लोक तर विचारूच नका," ते म्हणाले. "शेजारपाजारच्या बायका उसन्या आणून उभ्या केल्यात नुसत्या. एकीला तरी अभिनयाचा गंध असावा? बरोबर आहे की नाही?"

बाईंचे डोळे एकदम मोठे झाले. नस दुखावली असं समजून डॉक्टरांनी भुलेचं आणखी एक इंजेक्शन दिलं. मधल्या वेळात बायकोने दोनदा दारातून डोकं आत घालून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण डॉक्टर रंगात आले होते. त्यांनी न बघताच हात वर केला आणि ती गेली.

ती काय सांगत होती ते त्यांना संध्याकाळी घरी लेकीकडून कळलं. लेकीने आपल्यासाठी एक मुलगा पसंत केला होता, दोघं एकाच नकाशे काढायच्या ऑफिसात कामाला. मुलगा डॉक्टरांना पसंत होता. आता फक्त मुलाच्या आईने हो म्हणायचं राहिलं होतं. सकाळच्या बाई म्हणजे तीच मुलाची आई. दाढ खरोखरच दुखत होती, पण घराशेजारचे दातांचे तीन दवाखाने सोडून त्या इथवर आल्या होत्या, ते माणसं कशी आहेत ते बघायला.

डॉक्टर म्हणाले की मग चांगलंच झालं, आपला हात हलका आहे. तेव्हा लेकीने उरलेलं सांगितलं. या बाईंनी तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर घराजवळच्या शाळेत एका सिनेमाचं शूटिंग लागलं, तिथे उभ्या असताना कुणीतरी त्यांना हेरलं आणि मुख्याध्यापिकेचं काम दिलं. मुलीला पदक देण्याचा सीन. दोन दिवस शूटिंग चाललं. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, पण सिनेमा लागल्यावर बघायचा मात्र त्यांना धीर होईना. कुणीतरी आधी बघून कसा आहे ते सांगावं, एवढीच वाट बघत होत्या.

"आणि सांगितलं कुणी, तर तुम्ही," लेक म्हणाली. ती रागावली असती तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात बोलत होती. "बाबा, त्यांनी नाही म्हटलं तर तो आईला दुखवून लग्न करणार नाही. आणि मीही त्याला कर म्हणणार नाही."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. एकुलती एक लेक, तिने आजवर कधी काही मागितलेलं नाही, आणि तिचं ठरत आलेलं लग्न आपल्या जिभेने मोडतंय या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पण त्या सिनेमात मुख्याध्यापिका नव्हतीच मुळी." डॉक्टर म्हणाले, "तुझं लक्ष नसेल." पदक मिळतं शेवटी, आणि शेवटी आपण डोळे मिटून ऐकत होतो, तेव्हा बाई त्याच वेळात येऊन गेल्या असणार, हे त्यांना उघडच दिसत होतं.

गुरुवारी दुसरी सिटिंग होती. डॉक्टरांनी दोन दिवस तयारी केली. बाई खुर्चीत बसल्या, नमस्कारही कोरडाच झाला. डॉक्टरांनी घाईघाईने कापूस भरला आणि आपल्याला कशाचा पत्ताच नाही अशा थाटात सुरुवात केली. सोमवारी आपण बोललो ते पहिल्या अर्ध्या भागाबद्दल होतं, दुसरा भाग मनात घोळत राहिला तेव्हा कळलं की तो भाग सोन्यासारखा आहे. आणि त्यातही ती मुख्याध्यापिका. कोण आहे कुणास ठाऊक, नवीन दिसते, पण बाकीच्यांनी तिच्याकडून शिकावं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण समोर उघडं तोंड दिसलं की डॉक्टरांना थांबता येत नसे.

"पदक घालते, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवते आणि काय म्हणते?" त्यांनी ड्रिल बाजूला ठेवलं. "म्हणते, 'बाळ, धावलीस तू, पण धाप मला लागली.' अहो, थिएटरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता."

हे वाक्य त्यांना त्याच क्षणी सुचलं होतं आणि ते इतकं आवडलं, की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. या वेळी मात्र डॉक्टरांनी जास्तीचं इंजेक्शन दिलं नाही. जाताना बाईंचा अर्धा चेहरा बधिर होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि डॉक्टरांच्या बायकोला लिहून दिलं: "रविवारी तीनचा खेळ. तुम्ही सगळे यायचं. मी पण बघणार."

संध्याकाळी लेक नाचतच घरी आली. आईने दोन अख्ख्या रांगा धरल्यात, असा मुलाचा फोन होता. मामा, मावश्या, थोरले काका, आत्या, त्यांच्या लेकी-सुना, पोरंटोरं मिळून बत्तीस माणसं. खुद्द व्याही होणाऱ्या माणसाने एवढी तारीफ केल्यावर आता भीती कसली, असं त्या म्हणाल्या होत्या.

डॉक्टर खूश होऊन बायकोकडे वळले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, मी जागी होते," ती शांतपणे म्हणाली. "ती मुलगी पळते, जिंकते, तिच्या गळ्यात पदक पडतं आणि सिनेमा संपतो. मुख्याध्यापिका नाही, धाप नाही, काही नाही."

डॉक्टर त्या क्षणी काही बोलत नसल्यामुळे त्यांना हे नीट ऐकू आलं. त्या बाईला हरभऱ्याच्या झाडावर चढवून आपण खालून झाडच काढून घेतलं होतं. आजच फोन करून सगळं कबूल करावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण आतल्या खोलीत लेक गुणगुणत होती आणि फोनपर्यंत त्यांचा हात गेला नाही.

रविवारी बत्तीस माणसं दोन रांगांत बसली. मुलाच्या आईने आग्रहाने डॉक्टरांना आपल्या शेजारची खुर्ची दिली. त्या नवे कपडे घालून आल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरली होती. मध्यंतर झालं, दिवे पुन्हा मालवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर सिनेमाचा दुसरा अर्धा भाग डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. देवा, शाळेच्या कुठल्या तरी खिडकीत, फळ्यामागे, कुठेही ही बाई दिसू दे, असं ते मनात म्हणत होते. बाकीची मंडळी मात्र सिनेमाला आल्यावर माणसं वागतात तशी वागत होती. मामांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. आत्या नातवाला घेऊन बाथरूमला गेल्या आणि परतताना पॉपकॉर्नच्या रांगेत उभ्या राहिल्या. थोरले काका घोरत होते. मावश्यांचं कुणाच्या तरी सुनेवर बोलणं चाललं होतं.

शर्यत झाली. मुलगी जिंकली. पडद्यावर तिचा घामाने निथळणारा चेहरा आला आणि बाजूने दोन हात पुढे झाले. मनगटापर्यंतचे हात. त्यांनी तिच्या गळ्यात पदक घातलं, फीत जराशी सारखी केली आणि मागे गेले. नावं वर सरकू लागली. दिवे लागले. शेजारच्या खुर्चीवरच्या पर्सवर तेच दोन हात होते.

डॉक्टरांना मान वळवायचा धीर होईना. पण तेवढ्यात मामा आले आणि म्हणाले, ताई, कमाल केलीस. आपण फोनवर होतो तेव्हाच तिचा सीन होऊन गेला अशी त्यांची खात्री होती. आत्यांनीही तोच हिशेब केला होता. त्या म्हणाल्या, चेहऱ्यावरचे भाव काय सुरेख होते. नुकतेच जागे झालेले थोरले काका डोळे पुसत म्हणाले की तुला बघून भरून आलं. मावश्यांना आवाज आवडला. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच तेवढे चुकलो आणि बाकीच्या एकतीस जणांनी बघितलं. बाई प्रत्येकाला थँक्यू म्हणत होत्या. त्यांचा मुलगा गोंधळून डॉक्टरांच्या लेकीकडे बघत होता. तेही दोघं शेवटी शेवटी पडद्याकडे फारसे बघत नसावेत.

बाहेरच्या व्हरांड्यात गर्दी जरा पांगल्यावर बाईंनी डॉक्टरांना खांबाच्या बाजूला बोलावलं.

"डॉक्टर, खरं सांगा. मी होते का त्यात?"

डॉक्टरांना लेक समोर दिसत होती, मुलाच्या मामेबहिणींच्या घोळक्यात हसणारी. आणखी एक खोटं सहज खपलं असतं, बत्तीस साक्षीदार होते. पण त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्याने ते बोलवेना.

"हात होते," ते म्हणाले. "तोंड नव्हतं. हात मात्र दोन्ही होते."

"आणि ते धाप लागल्याचं?"

"ते मी रचलं. गेल्या रविवारी मी झोपलो होतो."

बाईंना वाईट वाटलं होतं, ते लपत नव्हतं. मग म्हणाल्या, "शूटिंगला मी नुसती उभी होते हो. मला वाटलं, मागाहून कुणाचा तरी आवाज घातला असेल. दोन दिवस आरशासमोर ते वाक्य म्हणून बघत होते." त्यांनी व्हरांड्यातल्या आपल्या माणसांकडे पाहिलं. "सख्ख्या भावाला कळलं नाही. एवढ्या लोकांत माझे हात तुम्ही एकट्याने ओळखले."

डॉक्टरांनी कसंबसं विचारलं, "मुलांचं काय मग?"

"मुलगी आमची झाली. तिला पसंत केलीच होती मी, तुमच्या दवाखान्यात यायच्या आधी." डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. पण बाईंचं संपलं नव्हतं. "आता उद्या दाढेवर कॅप बसवायची आहे ना? उद्या आधी मी बोलणार. ते उसन्या बायकांबद्दल तुम्ही जे बोललात, त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हापासून तयार आहे. तोंडात कापूस होता म्हणून राहिलं."

दुसऱ्या दिवशी विहीणबाई खुर्चीत बसल्या आणि पाऊण तास बोलल्या. ऊन किती होतं, सकाळी सातपासून किती वेळा उभं केलं, तेच पदक कितीदा काढून परत घातलं, आणि बसून मतं देणाऱ्याला ते कसं कळणार, हे सगळं त्यांनी सांगितलं. डॉक्टर हातात आरसा धरून उभे राहिले आणि मधूनमधून हूं म्हणत राहिले. शेवटी कॅप पाच मिनिटांत बसली.

त्या गेल्यावर डॉक्टरांनी कपाळ पुसलं आणि पुढच्या पेशंटला पाठवायला सांगण्यासाठी दार उघडलं. टेबलामागची खुर्ची रिकामी होती. त्यांची बायको पेशंटांच्या बाकावर पहिल्या नंबरला बसली होती.