माझ्याहून धाकटा मामा

माझा सदूमामा माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान आहे आणि समज आल्यापासून तो मला आशीर्वाद देत आला आहे. दिवाळीला मी वाकायचं आणि त्याने "मोठा हो" म्हणायचं. आता मी पासष्टी ओलांडली आहे. आणखी किती मोठं व्हायचं, हे त्याला विचारायची सोय नाही.

हे त्रांगडं झालं असं. माझी आई अठराव्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, इथेच रत्नागिरीत. मी झालो. माझ्या बारशाच्या सुमाराला सदतीस वर्षांच्या आजीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. लेकीचा पहिला आणि आईचा शेवटचा एकाच वर्षात जन्मले. तेव्हा अशी घरं काही दुर्मीळ नव्हती, पण म्हणून आळीतल्या बायका हसायच्या थांबल्या नाहीत.

आमचं घरही त्याच आळीत, त्यामुळे शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. चारचौघांत मी त्याला "अहो मामा" म्हणायचं, असा त्याचा दंडक होता. गणितं मात्र तो माझ्या वहीतून उतरवायचा. मास्तरांनी पकडलं की म्हणायचा, "भाच्याचं घेतलं तर ती चोरी नाय." माझ्या लग्नात दोन थोरले मामा कोट घालून तयार असताना हाच माझ्या पाठीशी जाऊन उभा राहिला. भटजींनी त्याला करवला समजून बाजूला व्हायला सांगितलं. त्या भटजींशी तो पुढे जन्मभर बोलला नाही. "मान मानाच्या जागी" हे त्याचं ब्रीद. तो मान बहुतेक वेळा पहिल्या पंगतीत, मोठ्या सुरमईच्या तुकडीशेजारी असे.

बायकांनी आई कधी व्हावं, या विषयावरही तो अधिकारवाणीने बोलतो. "पूर्वी पोरं आधी व्हायची, अक्कल मागनं यायची. आता अक्कल आधी, फ्लॅट आधी, जागा उरली तर पोर." हे तो नव्या नवरीला तिच्या सासूसमोर ऐकवतो आणि वर चहा मागतो.

माझी मुलगी मुग्धा पुण्यात नोकरी करते. अक्कल, फ्लॅट वगैरे उरकून एकोणचाळिसाव्या वर्षी ती बाळंतपणाला आमच्याकडे आली. आजीच्या वेळी ज्या आळीने "या वयात हे काय" म्हणून नाक मुरडलं होतं, तीच आळी आता "हल्ली हेच वय" म्हणत ओटी भरायला हजर. अर्थात त्याआधी दहा वर्षं "काही विशेष?" विचारून तिने मुग्धाचा जीव नकोसा केलाच होता. आळीला दोन्ही कामं मनापासून जमतात.

मुलगा झाला. दवाखान्यातून घरी निघताना जिन्यात एका म्हातारीने मुग्धाला थांबवलं. गरोदरपणात मुग्धाने केसांना रंग लावला नव्हता. म्हातारीने कडाकडा बोटं मोडून बाळाची दृष्ट काढली आणि विचारलं, "नातू का गं?" मुग्धा "हो" म्हणाली आणि खाली उतरली. घरी आल्यावर तिने ते हसत हसत सांगितलं. संध्याकाळी मात्र म्हणाली की बारसं नको, घरातल्या घरात नाव ठेवू. आम्ही मान डोलावली.

मामाला हे सगळं कळल्यावर तो तणतणत आला. मांडव हवा, घुगऱ्या हव्यात, अख्खी आळी हवी. मुग्धा मान खाली घालून बाळाला थोपटत राहिली. मामाला पुन्हा मान मिरवायचा आहे, एवढाच मी अर्थ काढला आणि वैतागून विचारलं, "अहो मामा, तुमच्या बारशाला किती माणसं होती?"

मामा खुर्चीत बसला.

"माझं बारसं झालंच नाय," तो म्हणाला. "तुझ्यासाठी पाळणा टांगलेला, तो माळ्यावर गेला तो गेलाच. माझी आवस, तुझी आजी, बोलली, जावयासमोर पाळणा हलवू कशी? सदानंद हे नाव शाळेत घालताना तुझ्या आवशीने सांगितलं. तोवर मी नुसता धाकलो."

साठ वर्षं ज्याला मी मानाचा भुकेला म्हणून हसत आलो, त्याला नावसुद्धा मागच्या दाराने मिळालं होतं.

मग तो माझ्याकडे पाठ करून मुग्धाशी बोलला. "आवस मला कडेवर घेऊन बाजारात जायची. लोक विचारायचे, नातू काय? ती हो बोलायची. मला कळायचं गं. माझा हाय म्हणाली असती एकदा, तर बरं वाटलं असतं."

मुग्धाने त्याचा हात धरला आणि ती रडली. मीही रडलो.

बारसं झालं. मांडव झाला, अख्खी आळी जेवली. सदूमामा पहिल्या पंगतीला बसला नाही, पाळण्याशेजारी स्टूल टाकून बसून राहिला. एवढ्यात लांबची कुणी आजी पाळण्यात डोकावली आणि तिने विचारलं, बाळ कुणाचं?

"माझं. माझा मुलगा," मुग्धा म्हणाली.

"पुन्हा सांग, बाय," मामा म्हणाला. "वायच मोठ्याने."