चौसष्ट पर्यायांचा स्टार्टर

माणूस स्वातंत्र्यासाठी जन्मतो. पंप केवळ पाण्यासाठी. ही विषमता दूर करण्यासाठी सौंदडच्या एकेचाळीस धान उत्पादकांना मोबाइलवर चालणारे स्टार्टर देण्यात आले.

कलम १. जुन्या स्टार्टरला दोनच बटणे होती, हिरवे आणि लाल. (एवढ्या गुलामीत लोकांनी तीस वर्षे धान पिकवले.) नव्याला चौसष्ट पर्याय आहेत. पडद्याचा रंग, सुरू होतानाची धून, पंपाने मालकाला 'राम राम' म्हणावे, 'जय भीम' की 'जय सेवा', इत्यादी.

कलम २. प्रशिक्षकाने एकेचाळिसांपैकी पुष्पाबाईंना त्यांची गरज विचारली.

"मले चालू-बंद पायजे."

ही नोंद 'प्रतिसाद नाही' या रकान्यात घेतली गेली.

कलम ३. गावातल्या उमेंद्रने सहा दिवस खपून चौसष्टही पर्याय भरले. उरलेल्या चाळीस जणांनी आपापल्या निवडीचा पूर्ण हक्क बजावत उमेंद्रचे जसेच्या तसे उतरवून घेतले. मालकाच्या मोबाइल क्रमांकासह. तेव्हापासून एकेचाळीस पंप उमेंद्रच्या फोनवर एकदम चालू, एकदम बंद होतात. पंधरा दिवस तक्रार नव्हती. पाणी सगळ्यांनाच हवे होते. (समाधानी वापरकर्ते: शंभर टक्के.)

कलम ४. मंजुरीसाठी गेले आहे.

कलम ५. पुष्पाबाईंची रोवणी. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून झालेले. बारा बाया कोरड्या खाचरात, बांधीत, उभ्या. पंप बंद. उपटलेले पऱ्हे या उन्हात दुपारपर्यंतच टिकतात. पुष्पाबाईंनी उमेंद्रला फोन लावला.

"माही बांधी भरली, काकू. मी बंद केलो."

"अन् माही कोरडी हाये ना, बापू."

"आता चालू केलो त पानी चढून माहा धुरा फुटते. तुमी तुमची सेटिंग करा ना."

एक पर्याय बदलायचा तर चौसष्टही प्रश्न पुन्हा सोडवावे लागतात. पुष्पाबाई उभ्या उभ्या एकोणिसाव्यावर पोचल्या: पंप सुरू होताना कोणती धून वाजावी?

मागून एक बाई म्हणाली, "कोनतीबी वाजव माय, पन पानी सोड."

कलम ६. निवडीचा हक्क वाचकालाही आहे. शेवट निवडा:

(अ) पुष्पाबाई स्टार्टरचा डबा फोडून तार थेट जोडतात.
(आ) उमेंद्र पंप सुरू करतो. त्याचा धुरा, म्हणजे बांध, फुटतो.
(इ) पऱ्हे वाळतात.

सर्व अटी आपण वाचल्या आहेत, असे गृहीत धरले आहे. काहीच न निवडता पान उलटणाऱ्यांसाठी (इ) आधीच भरून ठेवला आहे.