दोघांत दोन बाटल्या

तात्याबांच्या पिशवीतून इनुसमामांची गोळ्यांची बाटली निघाली, तेव्हा सारिकाने कपाळावर हात मारला.

"आबा, ही तुमची नाही. तुमची कुठंय?"

"इनुसकडं. दिवसाआड बदलतो आम्ही."

दोन हजार सहा साली शिरूरच्या एका दवाखान्यात नव्या गोळीची चाचणी चालू होती. उतारवयात सांधे सुजतात, तेव्हा पेशीत किनेझ नावाचा एक निरोप्या 'सूज आणा, सूज आणा' असं सांगत फिरतो. त्याचं तोंड बंद करायचं, एवढंच त्या गोळीचं काम. मांडवगणच्या या दोघांना चाचणीचं काम पाहणाऱ्या सारिकानेच हे समजावलं होतं. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कोणाला कुठली हे तिलाही ठाऊक नाही, हेही सांगितलं होतं. तिथंच चुकलं.

"एकाला खरी आन् एकाला खोटी, ह्यो कसला न्याय?" इनुसमामा म्हणाले. "कालव्याचं पाणी आम्ही वाटून घेतो, मग गोळी का न्हाई? आन् सिंधूवहिनी गेल्यापास्नं ह्याला गोळीची आठवण करायला हाय कोण? मीच जातो सकाळी बाटली घिऊन."

"अहो मामा, पण मग कुणाला कशानं बरं वाटलं, हे कळणार कसं?"

"दोघांलाबी वाटलं की! झेंडू तोडायला वाकतोय ह्यो आता. आणखी काय कळायचंय?"

"गोळीच्या कंपनीला कळलं तर इथलं चाचणीचं केंद्र बंद करतील. माझी नोकरी जाईल, मामा!"

"आम्ही न्हाई सांगत," तात्याबा म्हणाले. "तूबी सांगू नको."

न सांगून भागणार नव्हतं. डॉक्टर आधी तिच्यावर ओरडले, मग त्यांनी कंपनीला फोन लावला. दोघांना चाचणीतून काढलं आणि त्यांच्या बाटल्यांत काय होतं ते कंपनीला विचारलं. फोन ठेवून डॉक्टर हसायलाच लागले.

"दोघांनाही बिनऔषधाचीच होती. बदलून काहीच बिघडलं नाही. केंद्र राहतंय, आणि तूही."

सारिका धावतच बाहेर आली. "आबा, मामा, वाचले मी! तुमच्या दोघांच्याही गोळ्या खोट्याच होत्या! औषधाचा कणसुद्धा नव्हता!"

इनुसमामांनी भिंत धरली. तात्याबा बाकावर बसले आणि गुडघा चोळू लागले.

"पोरी, दोन मजले चढून आलो मघाशी. कठड्याला हात न्हाई लावला," ते कळवळून म्हणाले. "हे खालीच सांगायचं की! आता उतरू कसा?"