प्रोसेसरची पारख

अक्षरानं प्रोसेसर आणायचं काम आपल्या वडलांवर, वीरण्णांवर सोपवलं, तिथंच सगळा घोळ झाला. पोरगी नांदेडला इंजिनिअरिंगला. वर्षभर शिकवण्या घेऊन तिनं गेम खेळायच्या कॉम्प्युटरचा एकेक भाग जमवला होता. कॅबिनेट आलं, मदरबोर्ड आला, रॅम आली. राहिला होता तो फक्त प्रोसेसर, म्हणजे मेंदू. सुट्टीत उदगीरला येऊन ती तो बसवणार होती, आणि वीरण्णा आडतीच्या कामानं लातूरला निघालेच होते.

"अप्पा, सहा कोरचाच आणा. ज्यात ग्राफिक्स आतच असतंय तो. म्हंजे वेगळं कार्ड आत्ता घ्यायला नको," तिनं फोनवर बजावलं. "दुसरा आणला तर स्क्रीनवर अंधार. अन् माझे सगळे पैसे यातच संपायलेत."

"आगं, चाळीस वर्षं मोंढ्यात गोट्या खेळायलो का मी?"

खोटं नव्हतं ते. अख्खा मोंढा, म्हणजे उदगीरचा सगळा धान्यबाजार, वीरण्णांची पारख मानायचा. तुरीचे चार दाणे तळहातावर घेऊन अंगठ्यानं दाबले की ते ओल सांगत, आणि यंत्रानं वेगळं काही सांगितलं तर लोक यंत्र दुरुस्तीला टाकत.

लातूरच्या दुकानात मालक प्रीतमनं आधी आठ कोरचा डबा पुढं सरकवला. "काका, हा न्या. पाच वर्षं बघायला नको."

"आठ बैल जुंपून कोथिंबिरीचा वाफा नांगरायचाय का मला? सहाचा दाखव."

"मग हा घ्या. सहाचाच हाय, अन् स्वस्तबी."

"ह्याच्यात ग्राफिक्स आत हाय का?"

प्रीतमनं डोकं खाजवलं. "न्हाई. त्याला कार्ड वेगळं लागतंय."

"म्हंजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!" जन्मात कोंबडी न खाल्लेले वीरण्णा कडाडले.

शेवटी त्यांनी पोरीनं सांगितलेलाच डबा निवडला, वर भावही पाडला. इथं थांबले असते तर कौतुकच झालं असतं. पण बंद माल घरी न्यायचा, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"फोड."

"काका, सील फोडलं की परत घेत न्हाई बगा."

"पोतं न फोडता तूर घेतंय का कुणी?"

डबा फुटला. आत एक चौकोनी चिप, तिच्या पोटाला बारीक सोनेरी पिना. वीरण्णांनी ती तळहातावर उलटी घेतली, फुंकर मारली आणि सवयीनं अंगठ्याचा दाब दिला. कोपऱ्यातल्या पिना वाऱ्यात ज्वारी लोळावी तशा आडव्या झाल्या.

"आता हा तुमचाच," प्रीतम म्हणाला.

एसटीत वीरण्णांनी डबा दहादा उघडून बघितला. पोरीला काय तोंड दाखवायचं? 'अप्पांनी आणलंय म्हंजे चांगलंच असणार' असं म्हणत वाढलेली पोर ती. आता म्हणणार, अप्पांना तुरीपलीकडं काही कळत नाही. हे त्यांना सोसणारं नव्हतं.

उदगीरला उतरून ते घरी गेलेच नाहीत. तडक मल्लेश पांचाळाच्या दुकानात. वाकलेलं बारीक सोनं सरळ करायचं, तर माणूस सोनाराकडंच जाणार ना!

मल्लेशनं डोळ्याला भिंग लावलं. "अण्णा, हे कुठलं लेणं म्हणायचं?"

"लेणं न्हाई, मेंदू हाय. सरळ कर बाबा. अन् कुणाला बोलायचं न्हाई. अक्षराला तर मुळीच न्हाई. घे शपथ."

मल्लेशनं शपथ घेतली, मग चिमटा घेतला आणि एकेक पिन उभी करत गेला. वीरण्णा शेजारी बसून ॐ नमः शिवाय पुटपुटत होते. शेवटची पिन उभी राहिली तेव्हा त्यांनी असा काही श्वास सोडला, की समोरच्या तराजूचं पारडं हललं.

दुसऱ्या दिवशी अक्षरा आली. "सील का फोडलंय वो अप्पा?"

"तपासून आणलाय," वीरण्णा जरा दुसरीकडं बघत म्हणाले. पोरगी खूश झाली आणि दार लावून कॉम्प्युटर जोडायला बसली.

संध्याकाळी मोंढ्यातून येताना वीरण्णांनी मल्लेशसाठी पेढे घेतले. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि आतून ओळखीचा आवाज आला.

"काका, घाईघाईत तिरका बसवला अन् वरून दाबला वो. पिना वाकल्यात. व्हतील ना सरळ? अन् अप्पांना कळू देऊ नका, पाया पडते. त्यांनी एवढा पारखून आणलाय!"

मल्लेशनं भिंगावरून दारातल्या वीरण्णांकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. "न्हाई सांगत, बाई. तुझ्या बापाची शपथ."

बाप म्हणून वीरण्णांना राग यायला हवा होता. पण कसला राग! कालपासून छातीवर असलेलं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. हसू दाबत, चपला न वाजवता ते पेढ्यांसकट मागं फिरले.

जेवणाआधी स्क्रीन उजळली. अक्षरानं टाळी वाजवली. "अप्पा, तुमच्या पारखीला तोड न्हाई!"

"अन् तुझा हातबी किती हलका, बाळा," वीरण्णा म्हणाले.

अक्षरा उगाच कीबोर्ड पुसायला लागली. वीरण्णांनी पेढ्याचा पुडा सोडला, एक पेढा तिच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. मग दोघंही एकमेकांकडं न बघता, मोठ्या समाधानानं स्क्रीनकडं बघत राहिली.