आडव्या बाटलीचा पाव

स्वयंपाक आणि मोर्चा, या दोन गोष्टींत मला हरवणारी बाई वलगावच्या आसपास अजून जन्माला यायची आहे!

आमच्या गावात परवा दारूच्या दुकानाचं मतदान होतं. फक्त बायांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आणि आडव्या बाटलीची पुढारी कोण? मी, माया! पत्रकं मी छापली, मोर्चा मी काढला, कुंदनच्या दुकानाच्या पाटीवर पहिली चप्पलही मीच फेकली.

मतदानाच्या आदल्या दिवशी अकोल्याहून नणंदेचा फोन आला. प्रणाली तिथं बेकिंगचे क्लास घेते.

"वहिनी, ब्रेड काही तुमच्या गावात जमत नाही. यीस्ट कुठं मिळते तिथं?"

"यीस्ट कायले पाहिजे? आज सभा हाय माह्या घरी. सगळ्या बायांले बिनयीस्टचा पाव नाही खाऊ घातला, तं नाव माया नाही!"

लगेच सगळ्यांना आमंत्रणं देऊन टाकली. मग निवांत मोबाईलवर कृती शोधली. मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर... सोप्पं! शेवटची ओळ वाचली आणि मटकन खालीच बसले. एक बाटली बिअर!

आमचे हे, शालिकराम, जन्मात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस. "तुमीच आना," मी म्हटलं.

"मी? माह्या शर्टाले आडव्या बाटलीचा बिल्ला तूच लावला नं?"

झालं! अमरावतीच्या पोरी गाडीवर बांधतात तसा स्कार्फ बांधला, फक्त डोळे उघडे ठेवले आणि दुकानात जाऊन घोगऱ्या आवाजात म्हटलं, "एक बिअर."

"काकू, तुमी?" कुंदन म्हणाला.

"कोन काकू?"

"चप्पल वळखली नं मी! माह्या पाटीवर आलती तेच हाय."

"पावासाठी पाहिजे रे, बापू!"

"हो, हो. कोनाले खोकल्यासाठी पाहिजे राह्यते, कोनाले पाव्हन्यासाठी. तुमाले पावासाठी." आणि मेल्यानं बाटली गुंडाळली कशात? आमच्याच पत्रकात! वर विचारतो, "उद्या दुकान बंद झालं तं कुठून आनसान, काकू?"

"चूप बस!" म्हणून मी पळाले.

घरी बाटली उघडायला काही नव्हतं. दाराच्या कडीत अडकवून यांनी हिसका दिला. फस्सकन फेस उडाला आणि यांचा शर्ट बिल्ल्यासकट न्हाऊन निघाला! उरलेली मी मैद्यात ओतली, कुकरमध्ये मीठ पसरून वर डबा ठेवला. शर्ट बदला म्हणणार, तेवढ्यात मैनामावशी दारात! सभेच्या तासभर आधी! आमच्या मोर्च्यात सगळ्यात कडक बाई ही. नाक तर असं की नवऱ्यानं काल प्यायलेली आज सांगेल. ती यांच्याजवळ गेली आणि हुंगली.

"शालिकराम! तू बी?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी कुकरकडे. खरं तेव्हाच बोलायला हवं होतं. पण उद्या मतदान! पुढारणीनंच बाटली आणली म्हटल्यावर कोण आडवी करणार? आणि पिणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला मात्र सगळ्या बाया मत देतात. मी सरळ डोळ्याला पदर लावला.

"काय सांगू, मावशी!"

बघता बघता बाया जमल्या. यांना मधोमध बसवलं. "कान पकड! घे शपथ!" आयुष्यात थेंबही न प्यायलेल्या माणसानं कान पकडून दारू सोडली! माझ्याकडे असे बघत होते की मी स्वयंपाकघरातच पळाले.

पाव मात्र काय फुलला होता! गरम गरम तुकडे, बरोबर मिरचीचा ठेचा. घरात नुसता मिटक्यांचा आवाज.

"काय लुसलुशीत झाला व!" तिसरा तुकडा उचलत मैनामावशी म्हणाली. "याच्यात टाकलं तरी काय?"

"सांग नं, माया," कान न सोडता हे म्हणाले. "नाही तं मी सांगतो."

सांगितलं. सगळं. आता हीच बाई माझी आडवी बाटली उभी करणार, असं वाटून मी कुकरचं झाकण ढालीसारखं पुढे धरलं. मावशीनं हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"शालिकराम, कान सोड." आणि तुकडा तोंडात टाकला! "अन्न हाय, फेकाव कायले? आपन काई पेलो नाही. खाल्ला." मग सावकाश चावत म्हणाली, "पन काव माया, उद्या दुकान बंद झालं, तं हे बाटली कुठून आनशीन?"

कुंदनला मी चूप बस म्हटलं होतं. मावशीला कोण म्हणणार? सगळ्या बाया आपापल्या ताटलीकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. आडवी बाटली अगदी थोडक्यात पडली!

कुंदननं दुकानासमोर फटाके फोडले. हे घरी आले आणि माझ्या डोळ्यात डोळे घालून म्हणाले, "माया, खरं सांग. तू शिक्का कुठं मारला?"

"अवो, मतदान गुप्त राह्यते!" मी म्हटलं आणि कुकरमध्ये मीठ पसरायला घेतलं.