फोनातला बुधवार

मी चौथी पास आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कुणी "बाई शिकलेली असती तर असं झालं नसतं" म्हणायला नको. आमच्याकडे माझा नवरा बारावी नापास आहे आणि मुलगी ग्रॅज्युएट. त्या दिवशी दोघांचं शिक्षण एकत्र करूनसुद्धा एक लिंक उघडली नाही.

सुरुवात जिताड्यापासून झाली.

गुरुवारी सकाळी सात वाजता माझा भाऊ काशिराम गव्हाणहून आला आणि त्याने मोरीपाशी परातीत साडेतीन किलोचा जिताडा ठेवला. खाडीतला, ताजा. डोळे असे चकचकीत की आमच्या घरात तसे कुणाचेच नाहीत. "ताय, आजच खा," म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता गेला.

आता गुरुवारी आमच्या घरात मच्छी शिजत नाही. तो माझ्या सासूचा, भीमाबाईंचा, कायदा आहे. मी स्वतः पनवेलच्या बाजारात बावीस वर्षं मच्छी विकते. गुरुवारी गिऱ्हाईक नसतं म्हणून आठवड्यातून तेवढा एकच दिवस मी घरी. म्हणजे ज्या दिवशी मला बसून जेवायला वेळ असतो, नेमका त्याच दिवशी पानात वरण-भात. जिताडा बर्फात ठेवता आला असता. पण बर्फातला मासा मी गिऱ्हाइकाला देते, स्वतः खात नाही. (हे गिऱ्हाइकांनी वाचू नये.)

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांना दिसत नाही. म्हणून माझी मुलगी अंकिता, जी लग्न होऊन करंजाड्याला राहते, तिने माझ्या फोनात एक बोलकं घड्याळ घालून दिलं आहे. त्यातली बाई दर तासाला वेळ सांगते आणि वार सांगते. सासूबाईंचा त्या बाईवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. (ती उलट बोलत नाही.)

मी जिताड्याकडे बघितलं. मग फोनकडे बघितलं. आणि ठरवलं, एक दिवस त्या बाईला बुधवार म्हणायला लावू. देव काही फोनात बघायला येत नाही.

तारखेची जागा मला माहीत होती. तिथे एक बटण बंद केलं, कॅलेंडर उघडलं. मला फक्त एक दिवस मागे जायचं होतं, पण ओल्या बोटाने वरचं वर्षच दाबलं गेलं. वर्षांची लांबलचक यादी आली. त्यातलं एक दाबलं, आणि बघते तर काय, तारीख तीच, महिना तोच आणि वार बुधवार! गेल्या सालचा का असेना, पण अस्सल बुधवार. म्हटलं राहू दे. सासूबाईंनी आजवर मला वार हजार वेळा विचारला असेल, वर्ष एकदाही विचारलेलं नाही.

नऊ वाजले. फोनातली बाई बोलली, "सकाळचे नऊ वाजले आहेत. आज बुधवार."

"बुधवार?" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या.

"बुधवार."

"कालपन बुधवारच झाला ना गो?"

"काल मंगळवार होता, आये. तुमाला वाटलं असंल."

त्यांनी फोनच्या दिशेने कान केला. मग म्हणाल्या, "असंल बाबा. ती बाय खोटं कशाला बोलंल?"

माझा नवरा जगन अंघोळ करून बाहेर आला. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, परातीतल्या जिताड्याकडे बघितलं, आणि कॅलेंडरकडे पाठ करून बसला. सव्वीस वर्षांच्या संसारात तो इतक्या चटकन माझ्या बाजूला कधी आला नव्हता.

साडेबाराला जेवलो. जगनने चार तुकड्या खाल्ल्या. सासूबाई म्हणाल्या, "माझं पोट आज गच्च वाटते. मला डाळ-भात दे. माझा वाटा झाकून ठेव." जिताड्याचं डोकं सोडून सासूबाई डाळ खातात, म्हणजे पोट खरंच बिघडलं असणार. मी त्यांना ओवा दिला.

हात धुतले आणि मला मेल आठवली.

ती मेल चार दिवस माझ्या फोनात पडून होती. नव्या मच्छी मार्केटच्या सोडतीत मला अकरा नंबरचा ओटा लागला होता. कोपऱ्यावरचा, नळाशेजारचा! बावीस वर्षं मी गटाराच्या कडेला पाटी घेऊन बसले. पावसाळ्यात एका हाताने छत्री धरली, दुसऱ्या हाताने सुरमई कापली. आता डोक्यावर छप्पर आणि हाताशी नळ. फक्त मेलमधली लिंक उघडून 'ओटा स्वीकारला' असं कळवायचं होतं, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत. नाही कळवलं तर ओटा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला. पहिलं नाव वसुंधराचं. ती माझ्या शेजारी बसते आणि मी लघवीला गेले की माझं गिऱ्हाईक ओढते. नळ तिला जाण्यापेक्षा खाडी आटलेली बरी.

(चार दिवस का थांबलात, असं विचारणाऱ्यांनी एक दिवस पहाटे तीनला उठून मच्छी आणायला जावं. मग बोलू.)

मी लिंक दाबली. पान पांढरं. काहीच नाही. परत दाबली. पांढरं.

"तुमी बघा," मी जगनला म्हटलं.

त्याने फोन बंद करून चालू केला. वायफाय बंद करून चालू केलं. मग पंखा बंद करून चालू केला.

"पंखा कशाला?"

"लोड असंल तर."

मी अंकिताला साधा फोन लावला. (व्हॉट्सॲप सकाळपासून रुसून बसलं होतं. मला बरंच वाटलं होतं, सुप्रभातची फुलं तरी बघायला लागली नाहीत.)

"आई, मेलच्या आतमध्ये नको उघडूस," ती म्हणाली. "बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघड. वर तीन टिंबं आहेत बघ."

तीन टिंबं दाबली. ह्या वेळी पान पांढरं आलं नाही, लाल निशाण आलं आणि खाली इंग्रजी. जगनने चष्मा लावला. "प्रायव्हसी नाय म्हणतोय."

"ह्या घरात कुणाला प्रायव्हसी हाय? पुढं वाचा."

"तुमचं घड्याळ मागं हाय, असं म्हणतोय."

मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, दोन वाजून वीस. फोन बघितला, दोन वाजून वीस. मिनिटाचा फरक नाही. "खोटारडा हाय," मी म्हटलं. "बंद करा त्याला."

अंकिता पलीकडून म्हणाली, "आई, तू तारखेला हात लावलास का?"

"मी कशाला तारखेला हात लावू?" मी सासूबाईंच्या खाटेकडे बघत म्हटलं. आणि ते खोटंही नव्हतं. तारीख तीच होती. मी फक्त वर्षाला हात लावला होता.

मग आम्ही हिस्ट्री साफ केली. ब्राउझर काढून टाकला, पण नवा उतरेना. मेल अंकिताला फॉरवर्ड केली, तर ती आउटबॉक्समध्येच मांडी घालून बसली. शेवटी अंकिता म्हणाली, बाबा, लिंक वाचून दाखवा, मी इकडे टाइप करते. लिंक म्हणजे जवळजवळ दीडशे अक्षरं. जगन वाचायला लागला. लहान एच, मोठा क्यू, सात, खालची रेघ, परत लहान एच. पंधरा मिनिटं तो वाचत होता. शेवटाला आला तेव्हा अंकिता म्हणाली, "बाबा, तो सुरुवातीचा झिरो होता की ओ?"

जगनने चष्मा काढून ठेवला.

मग मी तोंड उघडलं. फोनच्या कंपनीला बोलले, मेल पाठवणाऱ्याला बोलले, पोरीच्या कॉलेजला बोलले, जगनच्या बारावीला बोलले. सगळ्या आळीला ऐकू गेलं असेल. सासूबाई खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "रंभे, ज्याने बिघडवलं त्यालाच विचार." मी म्हटलं, कुणी बिघडवलं तेच तर कळत नाही ना!

चार वाजता फोनातली बाई म्हणाली, "दुपारचे चार वाजले आहेत. आज बुधवार." मी तिच्याकडे असं बघितलं की माणूस असती तर गावाला निघून गेली असती. चपला घातल्या आणि उरण नाक्यावर गुरुदत्तच्या मोबाइलच्या दुकानात गेले.

दुकानात गर्दी. सव्वाचार झाले, साडेचार झाले. मी पुढे घुसले. एक बाई म्हणाली, "लाइन आहे." मी म्हटलं, "माझा ओटा चाललाय." तिला काय समजलं देव जाणे, ती घाबरून बाजूला झाली.

गुरुदत्तने फोन हातात घेतला. एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मावशी, तुमच्या फोनात मागचं साल चालू आहे."

"मग?"

"मग काय? वेबसाइटला जे सर्टिफिकेट असतं ते आत्ताचं. तुमचा फोन म्हणतो, हे अजून तयारच झालं नाही. म्हणून उघडत नाही. कुणी केलं हे?"

मी काही बोलले नाही. दिवसभरात पहिल्यांदाच.

त्याने एक बटण दाबलं. एका क्षणात फोन गेल्या सालातून ह्या सालात आला. व्हॉट्सॲपवर ऐंशी मेसेज धडाधडा पडले, सगळी फुलं. लिंक दाबली. पान उघडलं, असं सरळ, जसं काही मीच दुपारपासून दाबत नव्हते. नाव बरोबर, ओटा अकरा. खाली एकच प्रश्न, आठवड्यातून एक दिवस ओटा बंद ठेवायचा, तो वार कुठला? यादीतून मी गुरुवार निवडला. 'स्वीकारला' दाबलं. चार वाजून पंचेचाळीस मिनिटं.

"आता परत गेल्या सालात नेऊन ठेव," मी गुरुदत्तला म्हटलं.

"काय?"

"फक्त आजच्या दिवस रे. उद्या आणू परत."

"मावशी, पक्की नोंद झाल्याची मेल येईल अर्ध्या तासात. ती येईपर्यंत साल हलवू नका, नाहीतर मेल येणार नाही."

पाच वाजता सासूबाईंचा चहा असतो. तो चुकला तर आठवडाभर टोमणे. फोनचा आवाज बंद केला तर मेल आल्याचं कळणार नाही, आणि चालू ठेवला तर पाचला ती बाई खरं बोलणार. मी धावत घरी आले. पाचला दोन मिनिटं कमी. फोन टॉवेलात गुंडाळला, तांदळाच्या डब्यात खुपसला, झाकण लावलं आणि वर पाटा ठेवला. मग गॅसवर आधण ठेवून भांड्यांचा आवाज करायला लागले.

पाटा असूनसुद्धा तांदळातून आवाज आला, "संध्याकाळचे पाच वाजले आहेत. आज गुरुवार."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तांदळात कशाला कोंडलंस तिला?" सासूबाई म्हणाल्या. "बाहेर काढ. बिचारी सकाळपासून खोटं बोलून दमली असंल."

जगन हळूच उठून दाराशी गेला. (माझी बाजू त्याने तेवढ्यात सोडली.)

मी सगळं कबूल केलं. जिताडा, बटण, वर्षांची यादी, गुरुदत्त, सगळं. मग विचारलं, "तुमाला कधी कळलं, आये?"

"नऊ वाजता."

"पन तिने तर बुधवार सांगितला."

"ती सांगंल काय वाटंल ते. नऊ वाजता घरात तुझा आवाज हाय म्हंजे गुरुवार. बाकीच्या दिवशी नऊला मला मोरीतला नळ टिपकतो तोपन ऐकू येतो."

"मग बोललात का नाय?"

"माझा गुरुवार मी पाळला. डाळ खाल्ली. तुमी खाल्लात ते तुमच्याकडं. डोकं ठेवलंस ना झाकून? उद्या शुक्रवार. तवा खाईन."

मी होय म्हटलं. (डोकं होतं. गालफडं मात्र तीन वाजता, मेलच्या ताणात, माझ्याकडून संपली होती. ते उद्या बघू.)

एवढ्यात तांदळात टिंग झालं. मी पाटा काढला, फोन काढला, वरचे तांदूळ फुंकले आणि जगनपुढे धरला. त्याने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "ओटा क्रमांक अकरा आपल्या नावे कायम करण्यात आला आहे. ओटा बंदचा वार, गुरुवार. यात वर्षभर बदल करता येणार नाही."

नळ माझा झाला! मी देवाला हात जोडले. बावीस वर्षांनी. डोळ्यात पाणी आलं, ते मी पदराने पुसलं आणि म्हटलं, ऐकलंत का, नळ आपला झाला!

जगन मेल परत वाचत होता. "वर्षभर?" तो हळूच म्हणाला. "म्हंजे नवा ओटा मिळूनपन दर गुरुवारी तू घरातच? अख्खा दिवस?"

सासूबाई खाटेवर उठून बसल्या.

"रंभे," त्या म्हणाल्या, "त्या फोनात साल पुढं न्यायचंपन बटन असंल ना गो?"